पाच बाइटांची चिठ्ठी

नागपुरात डिसेंबर थंडीने ओळखू येत नाही, रंगाच्या वासाने ओळखू येतो. सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी भिंतींवर ब्रश फिरतो. वर्षभर तोंड वासून बसलेले खड्डे एका रात्रीत गप्प होतात. रविभवनातल्या नळाला गरम पाणी येतं का, हे पाहायला एक माणूस येतो. आणि तो खरंच येऊन गेला का, हे पाहायला दुसरा येतो. ही लगबग दिसली की पोह्यावर तर्री ओतून घेता घेता नागपूरकर म्हणतो, "सरकार येऊन राहिलं वाटते."

येऊन राहिलं म्हणजे अक्षरशः सामानासकट. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला कबूल केलं की सरकार दरवर्षी काही काळ नागपुरात मुक्काम हलवील आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे होईल. १९६० साली राज्य झालं आणि शब्द पाळायची वेळ आली. तेव्हापासून मंत्रालयातल्या फायली मुंबईत बांधल्या जातात, ट्रकमध्ये चढतात, नागपुरात उतरतात आणि इथे सोडल्या की पुन्हा शासन होतं. मुख्यमंत्री रामगिरीवर, त्यांचं सचिवालय हैदराबाद हाऊसमध्ये, मंत्री रविभवनात, राज्यमंत्री नागभवनात, आमदार आमदार निवासात, कर्मचारी १६० गाळ्यांत आणि हे सगळं छापणारे पत्रकार 'सुयोग'मध्ये. अधिवेशनाचं सूप वाजलं की सगळा पसारा परत गाठोड्यात.

हे सगळं आमच्या अंगवळणी पडलेलं असल्यामुळे माझ्या भाच्याची नोकरी इतरांना कळत नाही, पण नागपूरकराला चहा संपायच्या आत कळते.

भाचा मिहानमधल्या एका कंपनीत आहे. बायनरी डेटा सिरियलायझेशनच्या लायब्ररीत मेमरी अ‍ॅलोकेशन नीट होतं की नाही, हे तो तपासतो. मुलीकडचे लोक येतात तेव्हा माझी बहीण हे वाक्य म्हणत नाही. "कॉम्प्युटरमध्ये आहे," एवढ्यावर भागवते. कारण पूर्ण वाक्य संपेपर्यंत पाहुणे दुसरं स्थळ बघायला निघतील, अशी तिला धास्ती. शेवटी मीच त्याला धरून बसवलं. म्हटलं, "दिवसभर तू नेमकं काय करून राहिला, ते एकदा सांग."

"अधिवेशन, मामाजी," तो म्हणाला. "रोज. हजारो वेळा."

प्रोग्राम चालू असतो तेव्हा त्याची माहिती मेमरीत चहूकडे पसरलेली असते. नाव एका कोपऱ्यात, पत्ता दुसऱ्या कोपऱ्यात, आणि कोण कुठे बसलंय हे सांगणारे आकडे, म्हणजे पॉइंटर, तिसरीकडे. ही माहिती दुसऱ्या संगणकाकडे पाठवायची तर ती बाइटामागे बाइट लावून एका सरळ रांगेत भरावी लागते. पॉइंटर तसेच भरून उपयोग नाही. मंत्रालयातल्या 'सहावा मजला, लिफ्टच्या डावीकडे' या पत्त्याला नागपुरात कोण विचारतं? या भरण्याला म्हणतात सिरियलायझेशन, आणि मुक्कामी पोचल्यावर उघडून पुन्हा मांडण्याला डिसिरियलायझेशन. भरण्याच्या रीती अनेक आहेत. गूगलने स्वतःच्या घरात वापरले जाणारे प्रोटोकॉल बफर्स २००८ साली जगाला खुले केले. त्याच सुमारास जपानच्या सादायुकी फुरुहाशींनी मेसेजपॅक आणलं. सगळ्यांचा हट्ट एकच, कमीत कमी जागेत जास्तीत जास्त कोंबायचं. प्रोटोकॉल बफर्समध्ये १२७ पर्यंतचा आकडा एका बाइटात बसतो, ३०० म्हणायचं तर दोन बाइट खर्च होतात. इतकी काटकसर सरकारी प्रवासात कधी कोणी पाहिलेली नाही.

"भरणं सोपं असते," भाचा म्हणाला. "आपल्याजवळ काय आहे, ते भरणाऱ्याले माहीत असते. खरी परीक्षा उघडणाऱ्याची. कारण पेटीवर आकडा आधी येते आणि माल मागून."

इथे मी सावरून बसलो. आकडा आधी आणि माल मागून, हा तर आमच्या शहराचा खास अभ्यासाचा विषय. मोर्चाला किती येणार हे आधी ठरतं, मग मोर्चा निघतो. अधिवेशन किती दिवस चालणार हे आधी ठरतं, मग ते त्याआधी संपतं.

त्यातल्या त्यात आमदारांच्या बाबतीत निसर्गाने, म्हणजे राज्यघटनेने, कृपा केली आहे. विधानसभेत २८८, विधान परिषदेत ७८, एकूण ३६६. कोणी कितीही मोठ्या आवाजात सांगितलं की या वर्षी पाच हजार आमदार येत आहेत, तरी खोल्यांचं वाटप करणारा कारकून मान वर न करता म्हणेल, "३६६ च्या वर कुठून आणता भाऊ?" संगणकाकडे असा कारकून जन्मतः नसतो. तो बसवावा लागतो आणि बसवलेला जागा आहे की झोपला, हे तपासावं लागतं. भाच्याला पगार मिळतो तो याचाच.

आता मेसेजपॅकची ही पाच बाइटांची चिठ्ठी पाहा. पहिला बाइट 'डीडी'. त्याचा अर्थ, यादी येत आहे, नग किती ते पुढच्या चार बाइटांत वाचावे. पुढचे चारही बाइट 'एफएफ'. अर्थ, यादीत ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ नग आहेत. जगाच्या निम्म्याहून जास्त लोकसंख्या नागपूर स्टेशनवर उतरत असल्याची वर्दी! आणि चिठ्ठी इथेच संपते. मागे ट्रक नाही, गाठोडं नाही, साधी वळकटीसुद्धा नाही. पण भोळी लायब्ररी चिठ्ठी वाचते, हात जोडते, प्रत्येक नगाला समजा १६ बाइट असा हिशेब करते आणि मशीनकडे ६४ जीबी जागा मागते. पाच बाइटांच्या भरवशावर.

"मग असली चिठ्ठी पाठवणाऱ्याले ठोका ना," मी म्हणालो.

"तो कुठं बसून राहिला ते माहीत नसते मामाजी. अन् दरवेळी तो लबाडच असते असंही नाही. कधी वाटेत एखादा बिट इकडचा तिकडे होते, बिचाऱ्या पाचाचे पाच कोटी होते. आपण फक्त आपलं घर सांभाळायचं."

भोळ्या लायब्ररीपेक्षा वाईट म्हणजे हिशेबात कच्ची लायब्ररी. तिचं खातं ३२ बिटांचं असतं. ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ च्या पुढे गेलं की काटा परत शून्यावर. आता एखाद्या खट्याळाने २६ कोटी ८४ लाख ३५ हजार ४५७ नग असल्याचं लिहून पाठवलं. प्रत्येकी १६ बाइट. गुणाकार ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार ३१२. काटा एक फेरी मारून येतो आणि हिशेबनीस निर्धास्तपणे सांगतो, "एकूण १६ बाइट लागतील." म्हणजे सव्वीस कोटी पाहुणे, आणि जागा राखली एका माणसाची. मग पाहुणे आत यायला लागतात. पहिला खाटेवर बसतो, दुसरा भिंतीतून शेजारच्या खोलीत. सुरक्षेची बरीच भोकं अशाच गुणाकारांतून पडलेली आहेत. आमदार निवासात हे ज्ञान परंपरेने आलेलं आहे. खोली एका आमदाराच्या नावावर, आमदार हॉटेलात, आणि खोलीत अख्खा मतदारसंघ.

यात तिसरी पार्टी आहे ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ती पक्की राजकारणी. लिनक्सकडे जागा मागितली की तो सहसा नाही म्हणत नाही. जवळ आहे त्यापेक्षा थोडं जास्त मागितलं तरी "दिली" म्हणतो. प्रत्यक्षात काहीच दिलेलं नसतं, नुसता कागद दिलेला असतो. तुम्ही त्या जागेवर पहिल्यांदा पाय ठेवाल तेव्हा खरी मेमरी शोधायला तो निघतो. सगळे आपापले कागद घेऊन एकाच वेळी आले आणि जागा पुरली नाही, तर आपण शब्द दिला होता असं तो कबूल करत नाही. तो एक मारेकरी पाठवतो. त्याचं नावच 'ओओएम किलर'. हा हिशेब करून बहुधा सर्वांत जास्त जागा अडवून बसलेल्या प्रोग्रामला उचलतो आणि संपवतो. खोटी चिठ्ठी कोणी आणली, याची चौकशी त्याच्या कार्यकक्षेत येत नाही.

म्हणून शहाण्या लायब्ररीचं धोरण एकच. आकड्याचा मान राखायचा, त्याच्यावर विसंबायचं नाही. रस्ट भाषेतली सर्डी नावाची लायब्ररी याबाबतीत मला नागपूरची वाटते. चिठ्ठीत कितीही मोठा आकडा असो, ती आगाऊ म्हणून जास्तीत जास्त १ एमबीच जागा राखते. बाकीचे पाहुणे खरोखर दारात दिसले की मग पुढची खोली उघडायची. हजार खरे आले तर हजारांची सोय होते. कोटी खोटे आले तर एका खोलीच्या झाडलोटीचा खर्च. फ्लॅटबफर्स ही २०१४ साली गूगलमधून बाहेर पडलेली जात तर याच्याही पुढची. ती खेळांसाठी जन्मली, त्यामुळे उसंत नाही. गाठोडं सोडतच नाही, ट्रकमध्येच चढून हवी ती फाइल बसल्या जागी वाचते. ही सुधारणा शासनाने अजून स्वीकारलेली नाही, नाहीतर अर्धं रविभवन रिकामं राहील.

हे झालं धोरण. ते पाळलं जातं का, हे कसं तपासायचं? भाचा इथे रंगात आला.

पहिली परीक्षा मोजणीची. मेमरी वाटणाऱ्या मूळ खात्याच्या जागी तो आपला माणूस बसवतो. हा जागा देतो, पण प्रत्येक वेळी वहीत नोंद करतो: कोणी मागितली, किती, परत केली का. शेवटी दोन रकाने जुळले पाहिजेत. अधिवेशन संपल्यावर गाद्या, उशा आणि ब्लँकेटं मोजतात तसंच. एक उशी कमी भरली तर घरी चालून जातं. पण जो प्रोग्राम दिवसाला लाखो अधिवेशनं घेतो, त्याची दर अधिवेशनात एक उशी गेली, तर संध्याकाळपर्यंत शहरात कापूस उरत नाही.

दुसरी परीक्षा मला सर्वांत आवडली, कारण तिच्यात सरकारी खात्याचा अस्सल आत्मा आहे. हा वाटप करणारा माणूस मुद्दाम नकार देतो. पहिल्या फेरीत पहिल्याच मागणीला "जागा नाही". दुसऱ्या फेरीत पहिली मंजूर, दुसरीला नाही. तिसऱ्या फेरीत तिसरीला नाही. असं करत करत, सगळं काम बिननकाराचं पार पडेपर्यंत. जवळपास प्रत्येक फोनमध्ये मुक्कामाला असलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस असाच छळून तपासला जातो. तिथे तर दोन प्रकार आहेत: एकदाच नकार देऊन पुढे सुरळीत वागणारा अधिकारी, आणि एकदा नाही म्हटल्यावर कायम नाहीच म्हणणारा. दोन्ही प्रकार नागपूरकराच्या ओळखीचे.

परीक्षा कशाची? नकार मिळाल्यावर प्रोग्रामने कसं वागावं याची. आरडाओरडा करायचा नाही, जागच्या जागी कोसळायचं नाही, अर्धवट भरलेल्या फायली कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत. आधी मिळालेल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या परत करायच्या, "जागा मिळाली नाही" असं वरिष्ठांना शांतपणे कळवायचं आणि निघायचं. मी म्हटलं, "असा कार्यकर्ता आपल्याकडे एक तरी दाखव." भाचा म्हणाला, "आमच्याकडेही नसते मामाजी. म्हणून तर नोकरी आहे."

तिसरी परीक्षा पेटीत पेटीची. मेसेजपॅकमध्ये '९१' हा बाइट म्हणजे 'एकच नग असलेली यादी'. तो एकच नग म्हणजे पुन्हा '९१', त्याच्या आत पुन्हा '९१'. भारताचा फोन कोडच एक लाख वेळा फिरवल्यासारखं. उघडणारा साध्या स्वभावाचा असेल तर पेटीत उतरतो, त्यातल्या पेटीत उतरतो, आणि परतीचा जिना संपून गडप होतो. आत काही नसतंच. प्रोटोकॉल बफर्सवाले म्हणून साधारण शंभराव्या पेटीला हात वर करतात. विभागाकडून उपविभागाकडे, तिथून कक्षाकडे, कक्षाकडून टेबलाकडे अशा फिरणाऱ्या अर्जालाही शंभराची मर्यादा घातली असती, तर विदर्भाचे किती प्रश्न एकोणशंभराव्या टेबलावर सुटले असते!

चौथी परीक्षा उष्ट्या खोलीची. परत केलेल्या जागेत प्रोग्राम पुन्हा डोकावतो का? खोली सोडली, किल्ली दिली आणि तरी दुसऱ्या दिवशी टॉवेल घेऊन हजर, असले महाभाग मेमरीतही असतात. त्यांना पकडायला गूगलच्या लोकांनी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर बनवलं. ते सोडलेली जागा लगेच दुसऱ्याला देत नाही. काही काळ क्वारंटाइनमध्ये ठेवतं, आणि त्या काळात कोणी तिला हात लावला की बोंब मारतं. आमच्या आमदार निवासाने २०२० साली करोनाच्या सुरुवातीला हेच केलं. तिथे विलगीकरण केंद्र झालं होतं. त्या आणि पुढच्या वर्षी हिवाळी अधिवेशन मुंबईतच उरकलं. सरकार थेट डिसेंबर २०२२ मध्ये परत आलं. तोपर्यंत त्या खोल्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती.

आणि शेवटची परीक्षा अंदाधुंदीची, तिला फझिंग म्हणतात. नीटनेटक्या पेट्या पाठवून कोणाची लायकी कळत नाही. वाट्टेल तसं फाडलेलं, भिजलेलं, उलटं बांधलेलं गाठोडं पाठवायचं आणि मजा बघायची. या शास्त्राचा जन्म पावसात झाला. १९८८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर वादळी रात्री घरून टेलिफोनच्या तारेवर विद्यापीठाचा संगणक वापरत होते. विजांमुळे तारेत खरखर शिरली, टाइप केलेल्या अक्षरांत कचरा मिसळला आणि चांगले नावाजलेले प्रोग्राम पटापट मान टाकू लागले. दुसरा कोणी असता तर झोपला असता. मिलरनी विद्यार्थ्यांना गृहपाठ दिला: मुद्दाम कचरा पाठवा. तपासलेल्या युनिक्स प्रोग्रामांपैकी पाव ते एक तृतीयांश कोसळले.

नागपूरने हा प्रयोग विधिमंडळावर केला आहे. इतकी वर्षं सगळी व्यवस्था हिवाळ्याच्या हिशेबाने तपासलेली, कोरड्या हवेत, कोवळ्या उन्हात, संत्र्याच्या मोसमात. २०१८ साली पावसाळी अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. तेच विधान भवन, तेच ३६६ आमदार, त्याच खोल्या. बदलला फक्त ऋतू. ६ जुलैला धो धो पाऊस आला, विजेच्या स्विचरूममध्ये पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज दिवसभरासाठी बंद पडलं. पाणी तुंबलं कुठे म्हणून चेंबर उघडलं तर आत दारूच्या रिकाम्या बाटल्या. भाचा हा किस्सा त्याच्या नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. म्हणतो, याच्यापेक्षा चांगला टेस्ट रिपोर्ट मी वाचला नाही: इनपुट कोणतं, बिघाड कुठे, मूळ कारण काय, सगळं एका चेंबरात.

या सगळ्या परीक्षांनंतर भाच्याच्या लायब्ररीत एक सुधारणा झाली. चिठ्ठीत काहीही आकडा असो, आगाऊ राखायच्या जागा कमाल ३६६. पुढे खरंच माल आला तर जागा दुपटीने वाढवत न्यायची. बदल तपासून मंजूर व्हायला कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात गेला. नेमका हाच आकडा का, असं तिथल्या साहेबांनी विचारलं नाही. पुण्यात विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नसल्याची कबुली. त्यांनी खाली फक्त शेरा मारला: "लीप वर्षाचाही विचार केलेला दिसतो. उत्तम."

मी म्हटलं, "खुलासा कर ना त्यांना."

"मंजूर झालं नं मामाजी," भाचा म्हणाला. "आता काहून बोलायचं?"

मलाही ते पटलं. विदर्भाने पाठवलेला आकडा पश्चिम महाराष्ट्राने एकही खोली न कापता मंजूर केल्याचा प्रसंग वारंवार येत नाही. त्यात खुलासे करून फेरविचाराला वाव कशाला द्या?